शुल्कमाफी की स्वाधार?

आरक्षण की गुणवत्ता यावर तावातावाने भांडण होतं. सरकारी पैसा कुणाच्या खात्यात जातो, हे कुणी विचारत नाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं. चांगलंच. पण कॉलेज जितकं महाग, तितका सरकारचा खर्च मोठा; खोली-मेस घरच्यांच्याच गळ्यात.

राज्याची स्वाधार योजना उलट चालते: पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. निवासाचे महिन्याला पडतात जेमतेम १,६६७. एवढ्यात पुण्यात कॉट मिळणंही मुश्कील. हप्ता लांबला तर मेसवाला थांबत नाही. तरीही पुढचा रुपया जात न बघता इथेच घालावा: प्रवेशाच्या यादीत नाव लागूनही पोरं अडतात ती खोलीभाड्यापाशी.