तारकर्ली की लेह: बॅगेत सनस्क्रीन कुठलं टाकायचं?

सुट्टीचं बुकिंग तीन महिने आधी होतं आणि सनस्क्रीन आठवतं निघायच्या आदल्या रात्री, मग मेडिकलमध्ये समोर दिसेल ती ट्यूब उचलली जाते. पण समुद्रावर जाताय की डोंगरात, यावर काय घ्यायचं ते बरंच बदलतं. म्हणून तारकर्ली आणि लेह दोन्ही समोरासमोर ठेवून सांगते, तुमचं ठिकाण यातल्या कशाच्या जवळ जातं ते बघून ठरवा.

कोकणात खरा त्रास घाम आणि पाण्याचा. एवढ्या दमट हवेत जाड क्रीम लावलं की अर्ध्या तासात ते कपाळावरून ओघळून डोळ्यात उतरतं आणि जी काय चुरचुर होते की लोक पुन्हा लावायचं नावच काढत नाहीत. त्यामुळे तिकडे जेल किंवा पातळ लोशन, आणि त्यावर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं हवंच. त्यापुढे ४० किंवा ८० मिनिटं असा आकडा असतो, म्हणजे पाण्यात तेवढा वेळच ते टिकतं, आणि बाहेर येऊन टॉवेलने खसाखसा पुसलंत की त्याच्या आधीच गेलं समजा. स्नॉर्कलिंग करणार असाल तर हे नीट वाचा: तोंड पाण्यात, पाठ वर, आणि पाणी गार लागत असल्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. रात्री झोपताना कळतं, पाठ गादीला टेकवत नाही. मान, पाठ, गुडघ्यामागची बाजू आणि पोटऱ्या, सगळ्यात जास्त तिथेच भाजतं आणि नेमकं तिथेच कोणी लावत नाही.

लेहला उलटं आहे. हवा गार, घाम नाही, त्यामुळे ऊन लागतंय असं वाटतच नाही, आणि म्हणून मला विचाराल तर तिकडचं ऊन जास्त फसवं. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) ढोबळमानाने १० टक्क्यांनी वाढतं, त्यात खारदुंगला खिंडीत ताजा बर्फ असेल तर तो ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो (वाळू १५ टक्क्यांच्या आसपास). म्हणजे ऊन खालूनही येतं, टोपी घालूनसुद्धा हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजतं. हवा इतकी कोरडी की समुद्रावर छान वाटणारं जेल इथे चेहरा ओढून धरतं, अल्कोहोलवालं असेल तर झोंबतंही. इथे आधी मॉइश्चरायझर, त्यावर जाडसर क्रीमवालं सनस्क्रीन. ओठांना एसपीएफवाला लिप बाम घ्या, नुसत्या पेट्रोलियम जेलीने ओठ मऊ राहतात पण उन्हापासून काही वाचत नाही. आणि गाडीत बसलोय म्हणून निवांत राहू नका, बाजूच्या काचेतून यूव्हीए (त्वचा रापवणारं यूव्ही) बरंच आत येतं, पँगाँगला जाऊन येईपर्यंत खिडकीकडचा हात आणि गाल रापून निघतो.

एसपीएफ ३० की ५० यावर लोक फार डोकं लावतात. ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारं यूव्ही) अडवतं, ५० वालं ९८, बास. खरा फरक किती लावता त्याने पडतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लागतं, आपण वाटाण्याएवढं लावतो, मग ५० लिहिलेल्या ट्यूबमधून तेवढं संरक्षण मिळणारच नाही. त्याच मापाने मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळेला जवळपास ३० मिली लागतं, आणि दर दोन तासांनी परत. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोनदाही पुरत नाही, आणि आपण चौघांचं कुटुंब तीच एक घेऊन तीन दिवस बीचवर! म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पैसे आधी कपड्यांवर घाला. समुद्रासाठी पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट (पांढरा कॉटनचा नको, ओला झाला की त्यातून ऊन आरपार जातं), लेहसाठी टोपी, गळ्याभोवती स्टोल आणि यूव्ही ४०० वाला गॉगल. ट्यूब मग चेहरा, मान, हातपाय एवढ्यालाच लागते आणि पुरते.

स्प्रे बीचवर नको, अर्धा वाऱ्यावर जातो. स्टिक मात्र दोन्हीकडे कामाची, नाक, कान आणि पळणारी पोरं यांच्यासाठी, फक्त एकदा फिरवून सोडू नका, तीन-चार वेळा घासा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सनस्क्रीन नाही, सावली आणि झबलं-टोपडं.

झिंक ऑक्साइडवालं मिनरल घ्यायचं का? नाजूक त्वचेला चांगलं, पण आपल्या सावळ्या रंगावर राखाडी थर दिसतो. वांग असेल त्यांनी कुठेही जात असाल तरी टिंटेड घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्यानेही वाढतो. थायलंडला जाणाऱ्यांनी घटक वाचून घ्या, तिथल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे.

दोन्हीकडे जायचंय आणि एकच ट्यूब घ्यायची असेल तर एसपीएफ ५०, पीए प्लसप्लसप्लस (हे यूव्हीएपासूनच्या संरक्षणाचं माप), वॉटर रेझिस्टंट लोशन घ्या, लेहला खाली मॉइश्चरायझर जास्त थापा, काम होतं. डॉक्सिसायक्लिनच्या (एक अँटिबायोटिक) गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, त्यावर ऊन लवकर बाधतं.

आणि आल्यावर टॅन काढायला लिंबू चोळू नका प्लीज. बीचवर माशावर लिंबू पिळलं तरी हात धुऊनच उन्हात जा, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की फोड येतात आणि मग काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. भाजलंच असेल तर गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, आणि साल निघत असेल तर ओढायची नाही. पाण्याचे फोड आले किंवा थंडी वाजून ताप भरला तर घरी काही लावत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.