भाड्याचं कॅम्पिंग किट घेताय? पिशव्या तिथल्या तिथं उघडून बघा

टोरांटोच्या आसपास राहणारी बरीच मराठी कुटुंबं सप्टेंबरच्या शेवटी मेपलचे रंग बघायला अल्गोंक्विन पार्कला जातात. हल्ली काही जण कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, घेऊन आत जातात आणि एक रात्र तळ्याकाठी मुक्कामही करतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय. भाड्याच्या सामानात आमचे ६६० डॉलर गेले, ते एक वेळ सोडून देईन. पण कडाक्याच्या थंडीत नऊ वर्षांच्या मुलीला ऊब देणार नाही असं सामान एका माणसानं जाणूनबुजून आमच्या हातात दिलं, याचा संताप अजून जात नाही.

नाशिकहून भाऊ, वहिनी आणि पुतणी आले होते. एका रात्रीसाठी पाच जणांचं सामान विकत घेणं परवडणारं नव्हतं. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती: दोन तंबू, उणे ७ डिग्रीपर्यंत चालणाऱ्या डाउनच्या (मऊ पिसांच्या) स्लीपिंग बॅगा, जाड मॅट, घडीच्या खुर्च्या, स्टोव्ह, लाइफ जॅकेट, सगळं ड्राय बॅगांमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्यांत) भरून तयार. भाडं २६०, डिपॉझिट ४००. माणूस फोनवर घरच्यासारखा बोलायचा. मला दादा, बायकोला वहिनी. "लहान पोर आहे ना बरोबर? तिच्यासाठी एक जास्तीचं पांघरूण टाकतो," म्हणाला. पैसे मात्र ई-ट्रान्सफरनंच, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, हवे होते. कार्ड चालत नाही, रोख नको, पावती नंतर पाठवतो.

सामान ब्रॅम्प्टनमधल्या एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये मिळालं. चार मोठ्या पिशव्या, तोंडं गुंडाळून वरून प्लास्टिकच्या झिप टायनं आवळलेल्या. बायको एक सोडायला गेली, तर म्हणाला, "वहिनी, नका उघडू. पोर्टेजला खांद्यावर घ्यायच्यात, वजन बरोबर वाटून भरलंय. एकदा सोडलं की परत तसं बसत नाही." बोलणं जाणकाराचं होतं. 'कनू लेक' या तळ्यावरून 'जो लेक' या तळ्याला जाताना मध्ये बंधारा लागतो आणि तिथं सुमारे ३०० मीटर कनू आणि सामान उचलून चालावं लागतं (यालाच पोर्टेज म्हणतात), हे खरंच आहे. आम्ही जो लेकलाच जाणार होतो, आणि ते त्याला माहीत होतं.

पहिला प्रकार तळ्याच्या धक्क्यावरच कळला. कनू आम्ही तळ्याकाठच्या दुकानातून घेतली होती. तिथल्या मुलीनं पुतणीच्या अंगातलं जॅकेट खांद्याला धरून वर ओढलं, तर ते सरळ कानापर्यंत आलं. मोठ्या माणसाचं होतं, आणि आतल्या बाजूला सरकारी मान्यतेचं लेबलच नव्हतं. कॅनडात कनूतल्या प्रत्येकासाठी मापाचं आणि मान्यतेचं लेबल असलेलं लाइफ जॅकेट लागतं. शिवाय पाण्यावर तरंगणारा १५ मीटरचा दोर, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी. तिनं हे सगळं स्वतःच्या दुकानातून दिलं, जॅकेटं बदलून दिली आणि वर एक पैसाही घेतला नाही.

बाकीचं जो लेकच्या काठावर तंबू लावताना बाहेर आलं. वल्ह्यांवरून निथळणारं पाणी कनूच्या तळाशी साठतंच, त्यासाठीच ड्राय बॅग. आमच्या पिशव्या बाहेरून तशाच दिसत होत्या, पण उलट्या करून पाहिल्या तर शिवणी सुईदोऱ्याच्या, त्यावर चिकटवलेली पट्टी उकललेली. चांगल्या ड्राय बॅगेचे जोड उष्णतेनं सांधलेले किंवा पक्क्या पट्टीनं बंद केलेले असतात. पारखायला सोपं आहे: हवा भरून तोंड तीन-चार वेळा गुंडाळायचं, क्लिप लावायची आणि पिशवी छातीशी दाबायची. फुसफुस आवाज आला की परत द्यायची.

दोन स्लीपिंग बॅगा पायाकडून ओल्या झाल्या होत्या. त्या झटकताना लेबल दिसलं. उणे ७ लिहिलेली चिंधी काळ्या दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेली. तिच्या खालीच, करड्या दोऱ्यात, मूळ लेबल कापून उरलेलं बोटभर टोक. पाचही बॅगांना तसंच. एकीची शिवण उसवली होती, त्यातून पिसांऐवजी पांढऱ्या पॉलिस्टरचे गोळे निघाले. मॅट म्हणजे योगासनांची पातळ मॅट, कापून अर्धी केलेली.

लेबलावरचा आकडा खरा असला तरी तो कसला, हे विचारायलाच हवं. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे बॅगेला कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. आरामात झोप लागायची तर कम्फर्टचा आकडा बघायचा. एक्स्ट्रीम म्हणजे कशीबशी रात्र काढून जीव वाचेल एवढंच. भाड्यानं देणारे काही जण मोठ्या अक्षरात नेमका तोच सांगतात. मॅटची आर-व्हॅल्यूही (गारवा अडवायची ताकद दाखवणारा आकडा) विचारा. बॅगेतलं भरण अंगाखाली दाबलं जातं आणि खालून चढणारा गारवा अडवायला मॅटशिवाय काही उरत नाही. साध्या फोमच्या चांगल्या मॅटची आर-व्हॅल्यू २ च्या आसपास असते. शून्याजवळच्या रात्री ४ च्या पुढची असलेली बरी. डाउनची बॅग पिशवीतून काढली की हळूहळू फुगून वर येते. आमच्या शेवटपर्यंत चपट्या राहिल्या.

अंधार पडला होता. मुलीला घेऊन पुन्हा पोर्टेज आणि काळोखात कनू, हा विचारही करण्यासारखा नव्हता. कोरड्या बॅगा एकीत एक घालून तिला आत झोपवलं, खाली आमची जॅकेटं आणि रिकाम्या पिशव्या अंथरल्या, स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून तिच्या पायाशी ठेवलं. वहिनी रात्रभर तिचे तळवे चोळत बसली होती. जास्तीचं पांघरूण कुठल्याच पिशवीत नव्हतं. उजाडताच आम्ही निघालो.

डिपॉझिट मागितल्यावर त्या माणसानं तंबूला पडलेल्या जळक्या भोकाचा फोटो पाठवला. फोटोतला तंबू हिरवा, आम्हाला दिलेले दोन्ही तंबू नारिंगी. ते दाखवल्यावर त्यानं आम्हाला ब्लॉक केलं.

बँकेनं सांगितलं की तुम्ही स्वतः पाठवलेली ई-ट्रान्सफर समोरच्याच्या खात्यात जमा झाली की परत फिरवता येत नाही. क्रेडिट कार्डानं दिलं असतं तर हरकत घेता येते, म्हणूनच हे लोक कार्ड टाळतात. पोलिसांत आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे (१-८८८-४९५-८५०१) तक्रार केली आहे. ओंटारिओच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे खोटी माहिती देऊन धंदेवाल्यानं केलेला करार ग्राहकाला एका वर्षाच्या आत नोटीस देऊन रद्द करता येतो. तशी लेखी नोटीसही धाडली आहे. पुढची पायरी स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं न्यायालय.

त्यासाठी पुरावा लागतो. तंबूचे, लेबलांचे, शिवणींचे फोटो आम्ही तिथंच काढले होते आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉटही आहे. ग्रुपवर विचारल्यावर जुलैमध्ये याच माणसाकडून सामान घेतलेलं एक कुटुंब पुढे आलं. त्यांनाही हिरव्या तंबूचा तोच फोटो पाठवून डिपॉझिट बुडवलं होतं. तो फोटो आणखी कुणाला आला असेल, तर ई-ट्रान्सफरची नोंद आणि त्याच्याशी झालेला चॅट पुसू नका. पोलिसांत आपापली तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक आम्हाला कळवा. आम्ही दोन्ही कुटुंबं आपल्या कागदांसोबत तो जोडणार आहोत.