घरचा शाकाहारी टाको: तयार कवच नको, मसा हरिना आणि कोरेगावचा घेवडा हवा

साताऱ्यातल्या मोठ्या किराणा दुकानांत आता पास्ता आणि नूडल्सच्या शेजारी टाकोच्या, म्हणजे सारण भरून घडी घातलेल्या मेक्सिकन पदार्थाच्या, तयार कवचांचे खोकेही दिसू लागले आहेत. खोक्यात मक्याची तळलेली, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची कवचे असतात आणि बहुतेक वेळा मसाल्याची एक पुडीही असते. सारण तेवढे आपण करायचे, अशी ही सोय आहे. त्याच पदार्थासाठी दुसरा मार्गही आहे, तो म्हणजे मसा हरिना नावाचे मक्याचे पीठ ऑनलाइन मागवून टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ भाकरी, घरीच भाजणे. आमच्या घरात दोन्ही प्रकार सातत्याने करून झाले आहेत. शाकाहारी घराने खोक्यावर पैसे घालू नयेत, पीठ मागवावे आणि सारणासाठी आपल्याच जिल्ह्यातला वाघ्या घेवडा वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी तयार कवचाविषयी. कंपनी कोणतीही असली तरी या कवचाची घडण साधारण सारखीच असते, त्यामुळे येथे नाव घेण्याचे कारण नाही. कवच पातळ, कोरडे आणि ठिसूळ असते. पहिला घास घेताच ते तळाच्या घडीवर उभे चिरते आणि सारण ताटात पडते. या कवचात कोरडा परतलेला खिमा भरण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. खिम्याला पाणी कमी सुटते, म्हणून तेथे हे कवच काही मिनिटे तरी तग धरते. घोटलेला घेवडा, टोमॅटोची चटणी आणि चक्का या आपल्या सारणात मात्र ओलावा भरपूर असतो, आणि पंगतीत दुसऱ्याला वाढेपर्यंत पहिल्याचे कवच तळाशी मऊ व कडेला कडक असे विचित्र होऊन जाते. खोक्यावर ओव्हनमध्ये गरम करण्याची सूचना असते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी तव्यावर गरम करायचे म्हटले, तर कडा करपतात आणि मधला भाग थंडच राहतो. त्यात साताऱ्याचा पावसाळा. एकदा फोडलेले पाकीट दुसऱ्या दिवशी सादळते, आणि दुकानात फार दिवस पडून राहिलेल्या खोक्याला खवट तेलाचा वास येतो, तो कोणत्याही मसाल्याने झाकत नाही.

असे कवच म्हणजेच टाको, अशी समजूत जाहिरातींमुळे झाली आहे. मेक्सिकोत टाको प्रामुख्याने मऊ टॉर्टियाचा असतो. तेथेही टाको तळतात, पण सारण भरून, घडी घालून मग तळतात. रिकामी कवचे घडीच्या आकारात आधीच तळून ठेवण्याची युक्ती अमेरिकेत वाढली, आणि त्यासाठीच्या साच्याचे पेटंट १९५० साली न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृह चालवणाऱ्या हुवेन्सिओ माल्दोनादो या मेक्सिकन गृहस्थांना मिळाले. हॉटेलात घाईच्या वेळी ती युक्ती उपयोगाची आहे, यात शंका नाही. घरात तवा तापलेला असताना आणि खाणारी माणसे शेजारीच बसलेली असताना तिची गरज उरत नाही.

सोबतच्या मसाल्याच्या पुडीत मीठ आणि साखर यांचा भर असतो आणि जिऱ्याचा वास शिळा असतो. ती बाजूला ठेवून ताजे जिरे भाजून कुटावे. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाहावी. मेक्सिकोत घोटलेला घेवडा परंपरेने डुकराच्या चरबीत परततात आणि गव्हाच्या टॉर्टियाच्या कणकेतही तीच चरबी घालतात. म्हणून परदेशातून आलेला घेवड्याचा डबा किंवा टॉर्टियाचे पाकीट घेताना हिरवा ठिपका आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय ते पिशवीत टाकू नये. थंड कपाटात मिळणाऱ्या मैद्याच्या रॅपविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यात मका नसतो, आणि मका नसेल तर आपण भाजीची गुंडाळी खातो आहोत, एवढेच.

आता मसा हरिना. हे साधे मक्याचे पीठ नव्हे, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. गिरणीत दळून मिळते ते मक्याचे पीठ, सूप दाट करण्यासाठी आणतो ते कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे निव्वळ स्टार्च, आणि तिसरे मसा हरिना. या तिघांपैकी एकाच्या जागी दुसरे चालत नाही. मसा हरिनासाठी वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याच पाण्यात रात्रभर मुरवतात, धुतात, वाटतात आणि ते वाटण सुकवून त्याचे पीठ करतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, आतील स्टार्च फुगते आणि पिठाला चिकटपणा येतो. मक्यात ग्लुटेन (गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन) नसल्यामुळे साध्या पिठाची भाकरी गरम असेपर्यंत वळते आणि निवली की घडीवर तुटते. चुन्याच्या मक्याची टॉर्टिया मात्र निवल्यावरही वळते, आणि टाकोला नेमके तेच हवे असते. या प्रक्रियेला निक्स्तमाल करणे म्हणतात. मेक्सिकोत ती स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. तिचा आहाराशीही मोठा संबंध आहे, कारण मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज घेता येत नाही आणि चुन्यामुळे ते मोकळे होते. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत सोबत गेली नाही. त्यामुळे जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरत होते, त्या इटली आणि स्पेनच्या भागांत पेलाग्रा हा रोग पसरला.

पाकीट उघडताच ओल्या चुन्याचा आणि भाजक्या मक्याचा मिश्र वास येतो. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे, आणि हाताला चिकटला तर थोडे पीठ मिसळावे. लिंबाएवढा गोळा घेऊन, दुधाची पिशवी कापून केलेल्या दोन कागदांमध्ये तो ठेवावा आणि वरून जड पोळपाटाने सारख्या दाबाने दाबावा. लाटण्याच्या फंदात पडू नये, कारण लाटताना पीठ ओढले जाते आणि कडा फाटतात. आमच्या सासूबाई भाकरी थापतात तशीच टॉर्टिया हातावर थापतात, आणि ती दाबलेल्या टॉर्टियापेक्षा कडेला पातळ व अधिक सुबक होते. ज्यांना भाकरी येते त्यांनी पोळपाटाच्या भानगडीत न पडता तेच करावे. मेक्सिकोतही हाताने थापण्याची रीत जुनी आहे आणि दाबयंत्र नंतरचे आहे.

तवा बिडाचा असावा आणि तो चांगला तापलेला असावा. टॉर्टिया टाकल्यावर पंधरा-वीस सेकंदांत पहिल्यांदा उलटावी, दुसरी बाजू मिनिटभर भाजावी आणि पुन्हा उलटून फडक्याने मधोमध हलके दाबावे. पीठ नीट मळलेले असेल तर ती फुगते. भाजलेल्या टॉर्टिया जाड फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. ही दहा मिनिटे गाळू नयेत. वाफेने त्या एकमेकींना मऊ करतात आणि मग घडी घालताना कडा तुटत नाहीत.

पाकीट परवडत नसेल, किंवा मुळापासून करण्याची आवड असेल, तर निक्स्तमाल घरीही होते. बाजारातून वाळलेला, खाण्याचा पिवळा मका आणावा. स्वीट कॉर्न चालत नाही. बियाण्याच्या दुकानातला मका तर कधीच वापरू नये, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. एक किलो मक्याला सुमारे तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना लागतो. पानवाल्याकडचा ओला चुना असेल तर साधारण त्याच्या दुप्पट घ्यावा. भांडे स्टीलचे असावे, कारण चुना ॲल्युमिनियम खातो. मंद आचेवर पाऊण ते एक तास, दाण्याची साल बोटाने चोळताच सुटेपर्यंत शिजवून रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावे आणि वाटावे. खरी कसोटी वाटण्यात आहे. मिक्सरला पाणी लागते आणि वाटण सैल होते, म्हणून त्यात थोडे मसा हरिना मिसळूनच ते सावरावे लागते. इडलीचे दगडी ग्राइंडर त्याहून बरे, आणि पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच, कारण मेक्सिकोतही हे काम परंपरेने दगडी पाट्यावरच होत आले आहे. या ताज्या पिठाच्या टॉर्टियाची गोडी पाकिटातल्या पिठाला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरी नोकरी सांभाळून स्वयंपाक करणाऱ्या घराला मी पाकीटच सुचवीन आणि निक्स्तमाल सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवायला सांगेन.

सारणाच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फिक्या दाण्यावर तांबूस पट्टे असलेला हा घेवडा आणि मेक्सिकन घरांत घोटला जाणारा ठिपक्यांचा पिंटो हे दोन्ही एकाच वनस्पतीचे, फॅसिओलस वल्गॅरिसचे, वाण आहेत. या वनस्पतीचे मूळ घरही अमेरिका खंडातच आहे. त्यामुळे टाकोत वाघ्या घेवडा घालणे ही तडजोड ठरत नाही. परदेशी डब्यातल्या घेवड्यापेक्षा तो सरस लागतो, कारण त्याची साल पातळ असते आणि शिजल्यावर तो लोण्यासारखा घोटला जातो. खोक्याच्या किमतीत तो घरभराला काही दिवस पुरेल इतका येतो, हा आणखी एक फायदा.

घेवडा आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेला घेवडा पोटाला बाधतो, कारण कच्च्या दाण्यात एक घातक प्रथिन असते आणि ते खळखळून उकळल्यानेच निकामी होते. मंद आचेच्या भांड्यात घेवडा न शिजवण्याचे कारण हेच आहे. कढईत तेल जरा सढळ हाताने घ्यावे, चरबी नसल्याची उणीव तेच भरून काढते. त्यात बारीक चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत परतावा, ठेचलेला लसूण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, मग घेवडा त्याच्या शिजवलेल्या पाण्यासह घालून रवीने घोटावा आणि कढईच्या कडा सुटेपर्यंत आटवावा. हळद, मोहरी, गोडा मसाला यांपैकी काहीही घालू नये. ते घातले की चविष्ट उसळ होते, पण टाको राहत नाही. चिमूटभर ओवा मी घालते. तो मूळ कृतीत नाही, पण चवीला जुळतो आणि पोटालाही बरा.

मेक्सिकोत मांसाशिवायच्या टाकोची परंपरा चांगली समृद्ध आहे. बटाट्याचा टाको आहे, भोपळ्याच्या फुलांचा आहे, निवडुंगाच्या पानांचा आहे, आणि भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत शिजवून केलेला राहास हा प्रकार तर शाकाहारी माणसाने केलाच पाहिजे. पोब्लानो येथे मिळत नाही. मंडईत भजीसाठी मिळणारी भावनगरी मिरची आणि ढोबळी मिरची समप्रमाणात घ्याव्यात, गॅसच्या ज्वाळेवर काळ्या पडेपर्यंत भाजाव्यात, झाकून ठेवून साल काढावी आणि पट्ट्या कापून कांदा, मक्याचे दाणे व घट्ट साय यांत पाच मिनिटे शिजवाव्यात. आमच्या घरी मुले घेवड्याच्या टाकोपेक्षा या टाकोवर अधिक तुटून पडतात.

चटणीसाठी टोमॅटो, दोन लसूण पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात ओबडधोबड कुटाव्यात, मीठ आणि लिंबू घालावे. आपले कागदी लिंबू आणि मेक्सिकन लिंबू एकच, त्यामुळे येथेही पर्याय शोधावा लागत नाही. आंबट साय हवी असेल तर चक्का थोड्या दुधात फेटावा. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि भरपूर कोथिंबीर. किसलेले पिवळे चीज टाळावे, त्याऐवजी कुस्करलेले ताजे पनीर मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवून वापरावे. एका टॉर्टियात दोन चमच्यांहून अधिक सारण भरू नये, नाहीतर घडी मिटत नाही.

पिठाच्या पाकिटाच्या तक्रारी दोनच आहेत. साताऱ्यातल्या दुकानांत ते मला अजून आढळलेले नाही, म्हणून आधी ठरवून ऑनलाइनच मागवावे लागते. शिवाय किलोमागे ते साध्या मक्याच्या पिठाच्या कितीतरी पट महाग पडते. मात्र एका पाकिटात चार जणांच्या घराचे बरेच टाको होतात, तर खोक्यातली कवचे एकाच जेवणात संपतात. मागवताना घटकांच्या यादीत केवळ मका आणि चुना आहे ना, हे पाहावे आणि ‘कॉर्न मील’ किंवा ‘पोलेंटा’ असे लिहिलेले पीठ घेऊ नये. फोडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात तो डबा फ्रिजमध्येच ठेवावा, कारण दमट हवेत या पिठाला कुबट वास फार लवकर लागतो.