रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 ला स्लिप-ऑन सायलेंसर: टूरिंगवाल्यांनी घ्यावा का?

सायलेंसर दुकानात उभ्या गाडीवर रेस मारून निवडायचा नसतो, हे आधीच सांगतो, कारण सगळे तसाच निवडतात. पुण्यात नाना पेठेत कुठल्याही स्पेअरच्या दुकानासमोर जा, एखादं पोरगं थ्रॉटल पिळत बसलेलं असतं आणि दुकानदार म्हणत असतो "भाऊ, बेस ऐका बेस". बेस येणारच की! 411 चं इंजिन लाँग स्ट्रोक सिंगल सिलिंडर, बोअर 78 मिमी आणि स्ट्रोक 86, त्याला डालड्याचा डबा लावला तरी बेस येईल. पण टूरिंगच्या गाडीवर तो आवाज तुम्ही दोन मिनिटं उभ्याने ऐकणार नसता, साताऱ्यापासून हुबळीपर्यंत नव्वदला धरून, डोक्यात हेल्मेट घालून ऐकणार असता, तेही मागचीला सोबत घेऊन. त्यामुळे हा सगळा रिव्ह्यू त्याच हिशोबाने लिहिलाय, सिग्नलला भाव खायचा असेल त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

गाडी बीएस6 ची 411, मागे टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅग, आणि लांबच्या राइडला बहुतेक वेळा बायको सोबत. लावलाय तो एका देशी कंपनीचा शॉर्ट स्लिप-ऑन, एसएस 304 म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, मागच्या तोंडाला काळी एंड कॅप, आत बोल्टने बसवलेला डीबी किलर (आवाज कमी करणारा काढता-घालता येणारा तुकडा), सगळं मिळून बारा हजाराच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि एका पीसवरून कुणाच्या पोटावर पाय नको.

आधी नवीन लोकांसाठी पटकन. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा, फुल सिस्टिम म्हणजे इंजिनपासूनचा बेंड पाइप पण बदलायचा. दुकानदार तुम्हाला कॅटलेस, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला, बेंड पाइप दाखवणारच, "ह्याने गाडी मोकळी होते" म्हणून. नको. कॅट काढला की पहिलं पीयूसीचं टेन्शन, दुसरं म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर त्याच पाइपात असतो, तो नीट बसला नाही की चेक इंजिनचा दिवा आणि मग तिकडे स्पितीत काझाला बसा मेकॅनिक शोधत. स्लिप-ऑन सेन्सरच्या बराच मागे असतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, फारसा फरकच कळत नाही, आणि टूरिंगला तेच पाहिजे. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सायलेंसरच्या आत खण असतात, गॅस त्यातून वळसे घेत बाहेर येतो, म्हणून तो जड. स्लिप-ऑनमध्ये सरळ जाळीची नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल, बास. वजन खरंच कमी होतं, स्टॉकवाला एका हाताने उचलताना हात वाकतो आणि हा दोन बोटांत येतो, हा ह्या खरेदीतला सगळ्यात प्रामाणिक फायदा.

पॉवरचं मात्र विसरा. 411 ची पॉवर 24.3 बीएचपी, 6500 आरपीएमला, आणि नुसत्या डब्याने त्यात जाणवण्यासारखं काही वाढत नाही. आवाज वाढतो म्हणून गाडी पळाल्यासारखी वाटते, घड्याळ लावून बघा. फ्युएलएक्स किंवा पॉवरट्रॉनिकसारखं मॉड्यूल लावून फ्युएलिंग बदललं तर थ्रॉटल जरा गुळगुळीत होतो, पण ते पैसे वेगळे आणि तो विषयही वेगळा.

आता मुख्य मुद्दा, ड्रोन, म्हणजे ठरावीक स्पीडला सायलेंसरचा सलग घुमणारा आवाज. ह्याबद्दल कुणी बोलत नाही आणि टूरवाल्याला मारतो तोच. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक स्फोट. 411 नव्वदला टॉप गिअरमध्ये साडेचार हजाराच्या आसपास फिरते, करा गणित, सेकंदाला 37-38 ठोके. एवढा खालचा आवाज कानाला लागत नाही, छातीत आणि हेल्मेटच्या फोममध्ये बसतो, आणि फोमचे इअरप्लगही वाऱ्याची शिट्टी जितकी छान अडवतात तितका हा घुमका अडवत नाहीत. डीबी किलर काढून मी कराडच्याही पुढे गेलो, 60-65 ला एकदम भारी, जुन्या बुलेटसारखी ठसठशीत फायरिंग, कुणालाही प्रेमात पाडेल. 85 च्या पुढे गेलं की तीच फायरिंग सलग घुमायला लागते आणि तो पट्टा नेमका 85 ते 95, म्हणजे 411 ज्या स्पीडला दिवसभर सुखाने चालते तोच. बायको पेठनाक्याच्या अलीकडेच म्हणाली, "अहो, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय, बंद करा ते". बंद करता येत नाही ना. पुढच्या चहाला थांबलो तिथेच किलर परत बसवला.

किलर बसवल्यावर घुमका अर्ध्याहून कमी होतो, पूर्ण जात नाही. स्टॉक अजूनही शांतच आहे, खोटं कशाला बोलू. आणि एक, शंभरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज 95-100 डेसिबलच्या घरात जातो. सुरक्षित ऐकण्याचा जो हिशोब धरतात तो 85 डेसिबलला आठ तास, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त पंधरा मिनिटं. त्यात तुम्ही सायलेंसरचं वर घालताय. इअरप्लग दहा-वीस रुपयांना मिळतात, सायलेंसरच्या आधी ते घ्या.

दुसरा मुद्दा सामानाचा. 411 चा सायलेंसर उजवीकडे वर चढलेला असतो, म्हणून पॅनियरवाले (बाजूच्या बॅगा बनवणारे) उजवीकडचा स्टे, म्हणजे बॅग टेकवायची फ्रेम, बाहेर काढून देतात. शॉर्ट डबा घेतला की धूर बाहेर पडायची जागा पुढे सरकते आणि तो नेमका बॅगच्या खाली किंवा बॅगवरच सोडतो. माझ्या उजव्या बॅगचं रेनकव्हर खालून वितळून सायलेंसरला चिकटलं, वास आला तेव्हा कळलं. आता अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून मधे लावलीये आणि बॅगचा पट्टा एक घर वर घेतलाय, त्यानंतर काही नाही. स्टॉकवर जी हीट शील्ड असते ती ह्या कंपनीने दिलेली नाही, मागच्याच्या पोटरीला आणि रेनपँटला चटका बसू शकतो. त्यामुळे घेताना गाडी सॅडलबॅग लावूनच दुकानात न्या, एंड कॅपपासून बॅग किमान चार बोटं लांब पाहिजे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. लांब डबा दिसायला शॉर्टसारखा सेक्सी नसतो पण टूरला तोच बरा, आवाजही कमी असतो कारण ग्लासवूल जास्त मावतो.

फटाके. थ्रॉटल सोडल्यावर घाटात फट फट होतं ते काहींना आवडतं, मला तो जॉइंट लीक असल्याचा पुरावा वाटतो. क्लॅम्पच्या जागी बारीक फट असेल तर बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पेट घेतं. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, सोबत आलेलं गॅस्केट पातळ निघालं, ही कंपनीबद्दलची तक्रार नंबर एक. ग्रॅफाइटचं गॅस्केट टाकलं, क्लॅम्प गाडी गरम झाल्यावर परत आवळला, फटाके जवळजवळ गेले. तक्रार नंबर दोन, डीबी किलरचा बोल्ट सैल होतो. 411 ची व्हायब्रेशन माहितीये सगळ्यांना. निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, नाहीतर किलर कुठल्यातरी खड्ड्यात सोडून याल.

कोकणाचं सांगायचं तर एसएस 304 च घ्या. साध्या लोखंडावर क्रोम मारलेले पंजाब, इंदोरी वगैरे बुलेटच्या सायलेंसरचे प्रकार हिमालयनला पण जुगाड करून लावतात लोक, ते एका पावसाळ्यात आतून सडतात, समुद्राकाठी तर विचारूच नका. अजून एक, डबा वर तोंड करून असतो, रात्रभर मुसळधार पावसात उघड्यावर गाडी ठेवली की पाणी थेट ग्लासवूलमध्ये. खाली बारीक ड्रेनचं भोक असतं ते चिखलाने बुजलेलं नाही ना बघा, आणि तोंडाला रात्री पिशवी घाला. सकाळी काढायला विसरू नका म्हणजे झालं 😅

आता पोलिसांचं. "हा लीगल आहे भाऊ, ई-मार्क आहे" असं सांगतात. ई-मार्क युरोपातल्या मंजुरीचा, बदली सायलेंसरसाठी तिथे आर92 नियम आहे, इथल्या नाकाबंदीला त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडे 175 सीसीच्या वरच्या बाइकला कंपनीतून निघताना 80 डेसिबलची मर्यादा, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने जायची तरतूद. कंपनीने दिलेल्या गाडीत बदल केला म्हणून वेगळं कलम लागू शकतं ते वेगळंच. पुण्या-नागपुरात सायलेंसर रस्त्यावर मांडून वर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात तुम्हीही बघितलेत. मला किलर लावलेला असताना कुणी थांबवलेलं नाही, पण ही काही परवानगी नव्हे, हवालदाराचा मूड आहे. आणि लोकांना "किलर पोलिसांपुरता" अशी सवय असते, त्यांच्यामुळेच बाकीच्यांची गाडी बाजूला लागते. होमस्टेच्या वाडीतून पहाटे पाचला निघताना, आंबोलीत, राधानगरीच्या जंगलाकडेने जाताना तर किलर पाहिजेच पाहिजे. गव्याला तुमच्या फायरिंगचं कौतुक नसतं.

मग घ्यावा का? एकटे फिरत असाल, सत्तर-ऐंशीने रमतगमत, सामान टॉप बॉक्समध्येच मावत असेल, तर किलरसकट लांब एसएस स्लिप-ऑन घ्या, मजा येते, वजन कमी होतं, घाटात गिअर पाडताना आवाज ऐकून हसू येतं. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा घेऊन दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर मारणारे असाल तर स्टॉकच ठेवा आणि तेच बारा हजार सीटवर आणि चांगल्या विंडस्क्रीनवर घाला, पाठ आणि कान दोघं दुवा देतील. आमच्याकडे आता तसंच चाललंय, बायको सोबत असली की स्टॉक, मी एकटा असलो की हा. बदलायला अर्धा तास लागतो, बोल्टना कॉपर ग्रीस लावलेलं असेल तर. नसेल तर ते जाम होतात आणि मग ग्राइंडर आणायला लागतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गॅस्केटसाठी कापला, एक हीट शील्डसाठी. आणि जुना स्टॉक सायलेंसर भंगारात घालू नका कुणी, "ठेवून काय करणार, द्या इकडे" म्हणत दुकानदार तो पाचशे रुपयांत मागतो. तेल पुसून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका, वॉरंटीच्या भांडणात आणि गाडी विकताना तोच लागतो.