जपानी नेट-स्लँगचं ॲप दोन महिने वापरलं, दोन स्टार

नाव घेत नाही, पण जपानी इंटरनेट स्लँगचा वेगळा पॅक आहे म्हणून या फ्लॅशकार्डवाल्या ॲपला पैसे भरले. वाटलेलं इंग्रजीतूनच उचललेले शब्द, आपोआप कळतील. कसलं काय.

क्रियापदांचा भाग मात्र भारी जमलाय. आपण कसं इंग्रजी शब्दाला 'करणे' नाहीतर 'मारणे' लावून मोकळे होतो, तिकडे नुसता 'रु' चिकटवतात. गूगलचं गुगुरु, बझचं बाझुरु म्हणजे व्हायरल होणं, डिसरिस्पेक्टचं डिसुरु म्हणजे एखाद्याची उतरवणं. पुढची रूपं पण अस्सल जपानी, बाझुत्ता म्हणजे व्हायरल झालं, गुगुरे म्हणजे गूगल कर की लेका. आणि रोमुरु! रीड ओन्ली मेंबरची आद्याक्षरं घेऊन रोम, त्याला रु, अर्थ काय तर स्वतः काही न लिहिता नुसतं वाचत बसणं. नवख्याने आगाऊपणा केला की 'हानतोशि रोमुरे', आधी सहा महिने गप वाच. हे सगळं ऑडिओसकट दिलंय, इथे मार्क पूर्ण.

गंडलंय ते पुढे. अख्खा पॅक रोमन लिपीत, कांजी म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, ती दाखवतच नाहीत, आणि खरी गंमत तर कांजीतच आहे ना. अकाउंटचं झालं आकाउन्तो, त्याचं छोटं आका, आणि नेटवर ते लिहितात त्याच उच्चाराच्या कांजीने, जिचा मूळ अर्थ अंगावरचा मळ. म्हणजे लॉक केलेलं अकाउंट ते कागिआका, किल्ली आणि मळ. सर्व्हरला साबा म्हणतात आणि लिहितात बांगडा माशाच्या कांजीने, कारण त्यालाही साबाच म्हणतात. गेमचा सर्व्हर बसला तेव्हा सगळे 'बांगडा पडला, बांगडा पडला' लिहीत होते आणि मी येडा डिक्शनरीत मासे शोधतोय.

त्याहून डोकं फिरलं ते तेनशोनमुळे. कार्डावर अर्थ दिलाय 'टेन्शन', बस, विषय संपला. जपानी मैत्रिणीचा मेसेज आला 'तेनशोन आगात्ता', म्हणजे तेनशोन वाढलं, मी लगेच काळजीने अगं काय झालं, घरी सगळं ठीक ना, तर बाईसाहेबांना कॉन्सर्टचं तिकीट लागलेलं. तिकडे तेनशोन म्हणजे उत्साह, मूड, वाढला तर चांगलंच! दिवसातून दहा वेळा टेन्शन घेणारा मराठी माणूस इथे हमखास आपटणार.

नव्या शब्दांची पण बोंबच आहे. सानसेइदो ही डिक्शनऱ्या काढणारी प्रकाशनसंस्था दरवर्षी नवा शब्द निवडते, २०२१ ला चिरुई होता, चिलला जपानी विशेषणाचा 'इ' लावून केलेला, आणि २०२२ ला ताइपा, टाइम परफॉर्मन्सचं छोटं रूप, म्हणजे घालवलेल्या वेळेचा मोबदला किती, लोक व्हिडिओ दीडपट स्पीडने बघतात ते त्याच्यासाठीच. दोन्ही पॅकमध्ये नाहीत.

पुढच्या महिन्याचे पैसे भरले नाहीत. क्रियापदांची कार्डं फुकटवाल्या व्हर्जनमध्ये पण आहेत, तेवढी करा.