कोकणातल्या घरात 75 लिटरची रीफ टाकी: तयार संच कितपत पुरतो

रीफ टाकी म्हणजे जिवंत प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ऑनलाइन मिळणारे तिचे ‘ऑल-इन-वन’ संच बहुतेक एकाच घडणीचे असतात. पुढे स्वच्छ काचेची टाकी, मागे काळ्या पडद्याआड तीन कप्पे, कप्प्यांतलं पाणी परत पुढे टाकणारा एक रिटर्न पंप आणि वर एलईडी दिवा. हे परीक्षण 75 लिटरच्या आसपासच्या संचाचं आहे, आणि तेही रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या हवेत तो कसा चालतो एवढ्यापुरतंच. काच चांगली, कप्प्यांची आखणी चांगली, दिवा मऊ प्रवाळांना पुरेसा. पण खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी सर्व काही’ असं लिहिलेलं असतं, ते इथे खरं ठरत नाही. गारवा आणि शुद्ध पाणी या दोन गोष्टींवर कोकणात टाकी तगते, आणि दोन्ही त्या खोक्यात नसतात.

आकाराबद्दल आधी. 30 लिटरचा संच स्वस्त दिसतो, पण एवढ्या पाण्यात क्षारता आणि तापमान एका दुपारीत हलतं. पहिल्या टाकीसाठी 75 लिटरच्या खाली जाऊ नये. पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून वजन 110 ते 120 किलो होतं, तेव्हा टीपॉयवर ठेवण्याचा विचारही नको. संचाबरोबर येणारा स्टँड एमडीएफचा असेल तर तो घेऊच नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि रोजच्या चार थेंबांनी तो फुगतो, वरची फळी वाकते आणि काचेच्या तळावर असमान ताण येतो. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा स्टँड स्थानिक सुताराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून करून घ्या, आणि टाकी ठेवल्यावर लेव्हल तपासूनच पाणी भरा.

आता गारवा. प्रवाळांना 25 ते 27 अंश मानवतं. दिवा आणि पंप यांची उष्णता धरली तर बंद झाकणाची टाकी खोलीपेक्षा एक-दोन अंश गरम राहते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये 32-33 अंश. प्रवाळाच्या पेशींतली शैवालं एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत आणि प्रवाळ पांढरं पडतं. टाकीवर छोटा पंखा लावा, हा सल्ला पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत बरोबर आहे. इथे तो अपुरा पडतो, कारण पंखा पाणी गार करतो ते बाष्पीभवनातून, आणि दमट हवा बाष्प घेत नाही. किती घेते ते घरीच तपासता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. जो आकडा येईल त्याखाली कुठलाही पंखा तुमची टाकी नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात पाणी त्याच्या वरच एक-दोन अंश राहतं. मे महिन्यात किनाऱ्यावर हा आकडा 27-28 च्या घरात येतो, मग टाकी 29 च्या खाली कशी येणार?

म्हणून चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, किंवा दिवसरात्र एसी असलेली खोली. या आकाराला 1/10 एचपीचा, टायटॅनियम कॉइलचा कॉम्प्रेसर चिलर पुरतो. पेल्टिअर तंत्राचे छोटे स्वस्त कूलर घेऊ नका, 75 लिटर गार करण्याइतकं बळ त्यांच्यात नसतं. चिलर टाकीइतकाच किंवा त्याहून महाग पडतो, हे आधीच हिशेबात धरा. तो स्टँडच्या बंद कपाटात कोंडू नका. पाण्यातली उष्णता तो बाहेर फेकतो, आणि ती कपाटातच साठली तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. 26 अंशांवर लावा. संच निवडताना एक गोष्ट आवर्जून बघा: मागच्या कप्प्यात चिलरची पाइप घालायला जागा आहे का. बऱ्याच संचांचं झाकण काठाला इतकं घट्ट बसतं की पाइपसाठी ते कापावं लागतं. खरं तर झाकणाऐवजी बारीक जाळी बसवावी. उष्णता कोंडत नाही आणि मासे उडी मारून बाहेरही पडत नाहीत.

दुसरी गोष्ट पाणी. समुद्र पावलांवर असताना मीठ विकत का घ्यायचं, हा प्रश्न इथे हमखास येतो. घ्यायचं. किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचं गोडं पाणी, गाळ आणि जेटीजवळ डिझेल मिसळलेलं असतं. पावसाळ्यात तर क्षारता इतकी खाली येते की ते पाणी कामाचंच राहत नाही. शिवाय त्यातले सूक्ष्मजीव बादलीत मरतात आणि अमोनिया वाढतो. पहिलं वर्ष तरी पाकिटातलं मीठ आणि आरओ-डीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं), एवढंच.

घरच्या पिण्याच्या आरओवर भागवू नका, त्याच्यापुढे डीआय रेझिनचा टप्पा हवाच. कोकणातलं विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं असतं. टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र) ते कमी दाखवतं म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पेन विद्युतवाहकता मोजतं, आणि विरघळलेली सिलिका त्यात जवळजवळ दिसत नाही. तीच सिलिका टाकीत डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर वाढवते. डीआयनंतर पेनवर 0 यायला हवं. 1-2 दिसू लागलं की रेझिन बदला. पेन 0 दाखवत असूनही काचेवरचा तपकिरी थर हटत नसेल तर रेझिनवरच संशय घ्या, कारण सिलिका सगळ्यात आधी निसटते.

मीठ लिटरला साधारण 36 ते 40 ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे फरक पडतो. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम पांढऱ्या चुऱ्यासारखं खाली बसतं आणि परत विरघळत नाही. पंप लावून काही तास फिरवा आणि मग मोजा: 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारं साधन) साध्या पाण्यावर नव्हे, तर 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवा. संचातलं प्लास्टिकचं काट्याचं हायड्रोमीटर बाजूला ठेवा, काट्यावर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. उघडलेलं मिठाचं पाकीट इथल्या हवेत लवकर ओलं होऊन गठ्ठा बनतं, तेव्हा रबरी गॅस्केटच्या डब्यात भरा.

बाष्पीभवनाने पाणी जातं, मीठ जात नाही. 75 लिटरमधून तीन लिटर उडालं की 35 चे साडेछत्तीस होतात. मागच्या तिसऱ्या कप्प्यात हे आधी दिसतं, तिथली पातळी उतरते आणि रिटर्न पंप हवा ओढून खरखरतो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हवाच, आणि त्याच्या टाकीत नेहमी गोडं आरओ-डीआय पाणी. पावसाळ्यात बाष्पीभवन निम्म्याहून खाली येतं, म्हणून ‘रोज एक लिटर’ असा हाताचा अंदाज जुलैत फसतो.

दगड-वाळूच्या बाबतीत इथला मोह मोठा आहे. जांभा टाकीत नको, त्यात लोह भरलेलं असतं. किनाऱ्यावरची वाळूही नको. रत्नागिरीच्या काही पुळणींवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि इतर लोहखनिजं असतात, त्यांचे कण पंपाच्या चुंबकी इम्पेलरकडे आणि काच घासण्याच्या चुंबकाकडे ओढले जातात. इम्पेलर झिजतो आणि काचेवर कायमचे ओरखडे पडतात. अडीच सेंटिमीटरच्या थरासाठी 8-9 किलो ॲरागोनाइट वाळू आणि 7 किलोच्या आसपास कोरडा रीफ रॉक पुरे. वाळूत सापडलेला प्रवाळाचा वाळका तुकडाही उचलू नका. कठीण प्रवाळं आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. त्या कायद्यापलीकडेही, तो रीफ आपल्याच दारातला आहे, तो ओरबाडायचा नाही.

मग टाकीत काय? झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ प्रवाळं, पावतीसह, टाकीत वाढवलेल्या वसाहतीतून घेतलेली. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ती ज्या दगडावर वाढतात तो दगड उकळायचा किंवा कोरडा घासायचा नाही, कारण वाफेतूनही विषबाधा होते. माशांमध्ये टाकीत पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी आणि पुढे एखादा गोबी, बस्स.

त्याआधी सायकल पूर्ण व्हायलाच हवी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वसायला हवेत. अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमवर (दशलक्ष भागांत 2 भाग) नेऊन बाटलीतले जिवाणू घाला. 2 पीपीएमचा अमोनिया 24 तासांत शून्यावर येऊ लागला की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे धरा. दिवा तोवर बंदच ठेवा. नंतर 30-40 टक्क्यांवर आठ तास, आणि मग हळूहळू वर. नायट्रेट 5-10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राहू द्या. दोन्ही शून्यावर नेण्याच्या नादात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर येतो आणि तो डायटमपेक्षा फार चिवट असतो. आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं तर मऊ प्रवाळांना वेगळे डोस लागत नाहीत, फेसातून घाण काढणारा स्किमरही लागत नाही.

संचातला रिटर्न पंप पुरेसा प्रवाह देत नाही. तासाला दीड-दोन हजार लिटरचा वेव्हमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) वेगळा घ्या, शक्यतो डीसीवर चालणारा. कारण पहिल्याच वादळी पावसात वीज जाते. पाणी थांबलं की काही तासांत प्राणवायू घटतो आणि सगळ्यात आधी मासे वर येऊन धापा टाकतात. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. चिलर त्यावर घेऊ नका, बॅटरी उतरेल. एक बॅटरीवरचा एअर पंपही हाताशी ठेवा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल द्या म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही, आणि सर्किटवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. खाऱ्या पाण्यात हात घालायचा आहे, इथे काटकसर नको.

प्राणी बहुधा मुंबईहून रात्रीच्या बसने किंवा कोकण रेल्वेने येतात. दहा-बारा तास बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळतो. म्हणून टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीतल्या पाण्यात सोडत तासभर ठिबक लावू नका. विकणाऱ्याला त्याची क्षारता आदल्या दिवशी विचारा, बादलीत तेवढ्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, आणि उघडताच मासा जाळीने उचलून त्या बादलीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टाकीत नाही.