भिंतीवरचा व्होल्टेज मीटर: आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे श्वास अपुरा पडणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. दिवसातले किमान १५ तास ऑक्सिजन लावा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांच्या पलंगाशेजारी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं मशीन असतं. लाईट गेली की ते जोरात वाजायला लागतं. त्या आवाजाने मी अजूनही झोपेतून ताडकन उठते. भिंतीवर हा मीटर आला तो या मशीनपायीच.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत १९८६ची. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईभर लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस डोक्यात पक्का होता. म्हणून मशीन आलं त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवून घेतला. ११०० व्हीए क्षमतेचा, प्युअर साइन वेव्ह म्हणजे मेनसारखीच सुरळीत वीज देणारा, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. मशीन साधारण ३२० वॉट घेतं, वर एक पंखा. म्हणजे तीन तास तरी निघायला हवेत. गेल्या मे महिन्यात रात्री साडेअकराला लाईट गेली आणि चाळीस मिनिटांत इन्व्हर्टरने मान टाकली. कोपऱ्यात बी टाइप सिलिंडर भरून ठेवलेला होता म्हणून रात्र निभावली. त्यात दीड घनमीटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांनी सिलिंडर ठेवाच, इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाला आला. बॅटरीतलं पाणीही न तपासता म्हणाला, "बॅटरी गेली, नवीन टाका." साडेपंधरा हजार. बॅटरीला दोन वर्षंही झाली नव्हती, मला पटेना. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा भाचा म्हणाला, "मामी, आधी घरात व्होल्टेज किती येतंय ते तरी बघ." त्याच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला जाऊन हा वाय-फाय व्होल्टेज प्रोटेक्टर घेतला, म्हणजे व्होल्टेज दाखवणारा, फोनवर कळवणारा आणि मर्यादा ओलांडली की सप्लाय तोडणारा मीटर. एकाच दुकानात हाच मीटर तीन वेगवेगळ्या नावांनी दिसला, म्हणून ब्रँड लिहीत नाही. मला २,१०० रुपयांना पडला. वायरमनने ५०० रुपये घेऊन तो मेन एमसीबीच्या (घराच्या मुख्य स्विचच्या) पुढे, इन्व्हर्टरच्या आधी बसवला.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. पहिल्याच संध्याकाळी आठ वाजता मीटर १७४ दाखवत होता. घरातले सगळे दिवे लख्ख. पूर्वी पिवळा बल्ब मंदावला की लहान मुलालाही कळायचं. चांगला एलईडी दिवा इतक्या कमी व्होल्टेजलाही तसाच जळतो, आतला ड्रायव्हर (दिव्याला लागेल तेवढीच वीज देणारं सर्किट) सांभाळून घेतो. माझा इन्व्हर्टर मात्र यूपीएस मोडवर आहे. त्या मोडवर तो चटकन बदलतो, मशीन बंद पडत नाही, पण १८०च्या खाली गेलं की तो लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो. म्हणजे रोज संध्याकाळी लोकांचे एसी सुरू झाले की आमची बॅटरी दोन-दोन तास उपसली जात होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. मे महिन्यातली ती रात्र मला तेव्हा उलगडली.

दुपारी उलटाच प्रकार. आकडा २५८पर्यंत. समोरच्या काकूंचा सेट-टॉप बॉक्स त्याच महिन्यात जळाला होता, त्यांची फेज वेगळी, म्हणजे इमारतीत वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी त्यांची तार दुसरी. एका घरात कमी आणि त्याच वेळी दुसऱ्या घरात जास्त, हे ऐकून वायरमन लगेच म्हणाला, "न्यूट्रल लूज आहे." न्यूट्रल म्हणजे सगळ्या घरांची वीज परत नेणारी सामाईक तार; ती सैल झाली की घराघरांतलं व्होल्टेज असं वर-खाली होतं. सेक्रेटरी काकांना मी फोनवरचे आलेख दाखवले. सप्लाय बंद करून मीटर रूम उघडली तर न्यूट्रलचं लग (तारेच्या टोकाचं धातूचं टोपण) जळून काळं पडलेलं. नवीन लग, नीट आवळून, एका तासाचं काम. त्या दिवसापासून २२६ ते २३८च्या बाहेर आकडा क्वचित जातो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, पूर्ण चार्ज होऊ दिली, तीच बॅटरी आता सव्वातीन तास देते.

आता खटकलेल्या गोष्टी. ॲपमधला आलेख तासाची सरासरी दाखवतो, त्यामुळे दोन मिनिटांचा खड्डा त्यात बुडून जातो. वर-खालच्या मर्यादांची सूचना लावलीत तरच ते कळतं. जास्तीची मर्यादा येताना २७० होती, मी ती २५०वर आणली. त्यावर गेलं की हा सप्लाय तोडतो, इन्व्हर्टर पुढचं सांभाळतो, मशीन चालू राहतं. हे काम तो चोख करतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका, नाहीतर मीटरने सप्लाय तोडल्याची बातमीच फोनवर येत नाही. आणि हा स्वतः बसवायचा नाही, मेनचं काम आहे.

एक मात्र कंपनीने द्यायलाच हवं होतं, भोंगा. मी ऑफिसात असते तेव्हा सूचना माझ्या फोनवर येते, मी घरी फोन करते, मग सासूबाई उठून बघतात. त्यांना चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही. आवाज ऐकू येतो.